कोरड्या कपाळाची वकिली

नाना, वकील गेला की त्याच्याबरोबर त्याचे वकालतनामेही जातात. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि असं शिकवलंत जणू तुम्हाला स्वतःला कधी जायचंच नव्हतं. आता तुम्ही गेलात आणि नागपूरच्या महाल भागातली, भांड्यांच्या दुकानावरची आपली ती खोली एका फटक्यात बेवारस झाली. इतवारीतले किराणावाले, मिरचीवाले, तेलवाले, गांधीबागेतले कापडवाले, सगळ्यांच्या सेल्सटॅक्सच्या फाइली कपाटात आहेत. त्यांची अपिलं मी लिहिली, हिअरिंग मी केल्या, पण वकालतनाम्यावर नाव तुमचं एकट्याचं. म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर आज मी या खोलीत कोणीच नाही.

तरीही आलेय. आज पाडवा आहे. खाली दुकान बंद आहे, त्यामुळे ठोकाठोकीचा आवाज नाही. तुमच्या खुर्चीसमोरच्या माझ्या खुर्चीत बसून हे लिहितेय. काल लक्ष्मीपूजनाला काय घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण ते सरळ सांगणार नाही, आधी भांडणार आहे. तुमच्याशी सरळ बोलायची मला सवयच नाही.

बार रूममध्ये तुमची शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, नाना गोरगरिबांचे कैवारी होते. मी मागे उभी होते, आणि अशा प्रसंगी येऊ नये ते हसू मला आलं. नाना, तुम्ही कोणत्या गोरगरिबाचे कैवारी होतात? गरिबाला सेल्सटॅक्सचा वकील लागतच नाही. तुम्ही पैशासाठी वकिली केलीत, चोख केलीत, आणि कधी लाजला नाहीत. रामटेकच्या पलीकडच्या धानाच्या बांधीतून उठून आलेल्या माणसाने पैसा कमावला यात झाकण्यासारखं काय आहे, ते मला तरी कळलेलं नाही. माणूस गेला की लगेच त्याला गरिबांचा कैवारी करून टाकायची ही कसली घाई?

मग ते म्हणाले, सुजाताबाई, महिलांच्या वतीने दोन शब्द बोला. मी म्हटलं, महिलांच्या वतीने मला काही बोलायचं नाही, नानांच्या ज्युनियरच्या वतीने बोलायचं आहे. तशी सोय कार्यक्रमात नव्हती. म्हणून मी बसले, आणि जे तिथे बोलायचं होतं ते इथे बोलतेय.

आठवतंय, मी पहिल्यांदा जिना चढून आले होते तो दिवस? सनद नवी होती, काळा कोट जुन्या बाजारातला होता आणि खांद्यात ढिला होता. उन्हाळ्याचे दिवस. तुमच्या खिडकीतला कूलर खसाच्या वासाबरोबर फाइलींवर पाण्याचे शिंतोडेही उडवत होता, आणि तुम्ही धोतराच्या सोग्याने एक कागद टिपत होतात.

"काय पाह्यजे वं पोरी?"

"ज्युनियर व्हायचं आहे."

"कोण्या घरची?"

"इंदोऱ्याची. बाबा मिलमधे आहेत."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. इंदोरा म्हटलं की नागपुरात पुढचं काही विचारावं लागत नाही. छप्पनला आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर बसून पांढऱ्या कपड्यांची ती गर्दी पाहिली होती. तुम्ही काही वाईट बोलला नाहीत. उलट फार चांगलं बोललात, आणि मला नेमका त्याचाच राग आला.

"मंग लेबर कर ना. मिलच्या कामगारायचे खटले लढ. तुझ्या लोकायले वकिलाची गरज आहे."

"हे मले सगळ्यायनंच सांगतलं आहे," मी म्हटलं. "कॉलेजात सांगतलं, बारमधे सांगतलं, घरी बाबानं सांगतलं. तुमी मले दुसरं सांगा. सगळ्यात जास्त पैसा कशात आहे?"

तुम्ही कागद खाली ठेवलात आणि मोठ्याने हसलात. इतकं की खालच्या दुकानदाराने वर मान करून बघितलं. मग म्हणालात, "बस."

माझ्या लोकांना वकिलाची गरज आहे, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण माझ्या लोकांमध्ये उद्या कोणी दुकान टाकणार नाही का? कोणी गिरणी घेणार नाही का? त्याच्या वह्या बघायला तेव्हा कोण असेल? आमच्यातला वकील म्हणजे आमच्यातल्या उपाशी माणसाचा वकील, हे कोणी ठरवलं? आणि ते सगळं बाजूला ठेवा. मला स्वतःला पैसा हवा होता. पत्र्याच्या घराला स्लॅब घालायचा होता, धाकट्या भावंडांना शिकवायचं होतं. कळवळ्याने सल्ला देणारे सगळे पंख्याखाली बसून सल्ला देत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात नेलंत, खांबाला टेकून चहा मागवलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांकडे हनुवटीने दाखवत मला धंदा शिकवलात. कॉलेजात तीन वर्षांत जे कोणी सांगितलं नाही ते तुम्ही एका कपात सांगितलंत.

"हा पाह्य, फौजदारीवाला. याचा पैसा आगाऊ घ्या लागते. माणूस सुटला का वकिलाले विसरते, अन् अडकला का वकिलाले शिव्या देते. मधातल्या मधात जे घेतलं तेच आपलं. तो दाढीवाला दिवाणी करते. वाटणीचा दावा आजा दाखल करते अन् फी नातू देते. पैसा हाय, पण तोवर वकिलाचे दात पडते."

"अन् मोटार अपघात?"

"नवं काम हाय, वाढन. विमा कंपनीच्या पॅनलवर चढली का दर महिन्याले बिल. पण तिथं चढवते कोण? ओळख लागते. लेबरमधे मालकाकडून उभा राह्यला त्याले पैसा, कामगाराकडून उभा राह्यला त्याले चहा. हायकोर्टात नाव लय मोठं, पण तिथं बापाची खुर्ची लागते."

"मंग सगळ्यात जास्त कोण देते?"

तुम्ही चहा संपवलात, कप पालथा घातलात. "ज्याले कोर्टात यायचंच नाही, तो. व्यापारी. त्याले केस जिंकायची नसते. त्याले केस होऊच द्यायची नसते."

मी तिथल्या तिथे ठरवलं. तुम्ही मला घेतलंत, आणि बारमधल्या अर्ध्या लोकांनी तुम्हाला विचारलं की नाना, हे काय करून राहिले? तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला कधी कळलं नाही. पण मी दुसऱ्या सोमवारी आले तेव्हा माझ्यासाठी खुर्ची आणलेली होती, तीच ही, जिच्या एका पायाखाली अजूनही पुठ्ठा आहे.

शिकायला खूप होतं. व्यापाऱ्यांच्या लाल वह्या, मुनिमांची ती काना-मात्रा न देता लिहायची लिपी, कच्चा हिशेब आणि पक्का हिशेब. तुम्ही शिकवत नव्हतात, वही पुढ्यात टाकून निघून जात होतात. परत आलात की विचारायचंत, "काय सापडलं?" काही सापडलं नाही म्हटलं की वही पुन्हा पुढ्यात. मी चिडायची, तुम्ही विडा लावायचात. त्या खोलीत मी माझ्या नोकरी करणाऱ्या मैत्रिणींपेक्षा जास्त शिव्या खाल्ल्या आणि एकही फुकट गेली नाही.

मग मिरचीची केस आली. गोवर्धनदास सेठ मिरची घ्यायचे आणि दळून तिखट विकायचे. खात्याचं म्हणणं, मिरची वेगळी, तिखट वेगळं, नवी वस्तू झाली, नवा कर द्या. तुम्हाला ताप होता म्हणून ट्रायब्युनलपुढे मी उभी राहिले. निवाडे वाचले, कलमं वाचली, साहेब पेंगत होते. शेवटी मी म्हटलं, साहेब, माझी आई पाट्यावर मिरची वाटते, ती कारखाना चालवते असं खात्याचं म्हणणं आहे का? साहेब जागे झाले. आपण जिंकलो. सेठनी मिठाईचा डबा तुमच्या घरी पाठवला. तो डबा न उघडता तुम्ही चेंबरमध्ये आणून माझ्या पुढ्यात ठेवलात. तुमचं कौतुक नेहमी असंच यायचं, कागदात बांधून.

पण काम येणं वेगळं आणि धंदा मिळणं वेगळं, हेही तुम्हीच सांगितलंत. सेल्सटॅक्सची वकिली पुस्तकातून मिळत नाही, गादीवरून मिळते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी इतवारीतल्या पेढ्यांवर पांढऱ्या चादरी अंथरतात, नव्या वह्यांची पूजा होते. सेठ, त्याची मुलं, मुनीम, आणि खांबाजवळ लोडाला टेकून घरचा वकील. पूजा झाली की थाळी फिरते. सेठ एकेकाला स्वतःच्या अंगठ्याने टिळा लावतो. शेजारचे व्यापारी भेटीला येतात, वकिलाशेजारी कोण नवा बसलाय ते बघतात, नाव विचारतात. झाली ओळख. त्या संध्याकाळी ज्याला टिळा लागला, तो वर्षभर त्या घरचा वकील. पदवी, सनद, निवाडे सगळं त्यानंतर.

मिरचीची केस जिंकली त्या वर्षी तुम्ही मला नेलंत. वाटेत रिक्षात तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, आज तुले बजारात उतरवतो. गोवर्धनदास सेठनी "आओ बाईसाब" म्हणून तुमच्या शेजारी बसवलं. पूजा झाली, थाळी आली. सेठचा अंगठा कुंकवात बुडाला आणि माझ्या कपाळाकडे आला. मी तळहात आडवा धरला.

"सेठजी, मैं बौद्ध हूँ. पूजा आपके घर की है, आप कीजिए. मैं तो वही के लिए आई हूँ."

बाहेर लवंगी फटाक्यांची माळ तडतडत होती. सेठचा लाल अंगठा तसाच हवेत. मग ते पुढच्या माणसाकडे वळले. कोणी मला उठ म्हटलं नाही, पण त्यानंतर माझ्याशी कोणी बोललंही नाही.

जिन्यावरच तुम्ही सुरू झालात. "काहून केलं तू असं? तुझी माय कुंकू लावते ना?"

"माय आपल्या हातानं लावते. पूजेचं नाही लावत."

"अवं, कपाळच ते! घरी जाऊन पुसून टाकायचं. कपाळ म्हणजे काही सातबारा हाय का, एक डाव नोंद झाली का कायमची?"

"आमच्यासाठी हाय," मी म्हटलं. "आमच्या आजोबाच्या कपाळावर काय काय नोंदून ठेवलं होतं, ते पुसायले छप्पन साल यावं लागलं. दीक्षा घेतली तवा मायनं फडताळातले देव उचलून पाण्यात सोडले, रडत रडत सोडले. मंग धाकटी तापानं फणफणली तरी परत मांडले नाही. अन् मी धंद्यासाठी डोकं पुढे करू?"

आठवड्याभरात तेलवाल्यांचा माणूस येऊन त्यांच्या फाइली घेऊन गेला. गोवर्धनदास सेठनी फाइली नेल्या नाहीत, पण निरोप पाठवला की पुढच्या वर्षीपासून वकीलसाबनी एकट्यानेच यावं. आणि नाना, तुम्ही ते कबूल केलंत.

मी तुमच्याशी त्या दिवसापासून जे भांडत आले ते यासाठी. टिळ्यासाठी नाही. टिळा लावायचा की नाही हा माझा प्रश्न होता आणि तो मी सोडवला होता. पण तुम्ही एकटे जायला तयार झालात. त्यानंतर दर दिवाळीला तुम्ही कोट झटकून इतवारीत गेलात आणि मी हट्टाने इथे, या खुर्चीत, दिवा लावून बसून राहिले. सेठलोकांच्या केसेस मी चालवाव्या आणि त्यांनी माझं तोंड बघू नये, अशी ती व्यवस्था. वकालतनाम्यावर माझं नाव घाला म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "होईन, होईन. थांब जरा." मी थांबणाऱ्यातली नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी मी या खोलीतून गेले नाही, कारण जाऊन तुम्हाला मोकळं करायची माझी तयारी नव्हती.

आणि तुमचं ते परत येणं! जिन्यात चपलांचा आवाज. मग दारात उभं राहून खिशातून रुमाल काढायचात, कपाळ पुसायचात, अगदी नाटकातल्यासारखं, आणि मान वाकवून दिव्यापुढे कपाळ धरायचात.

"पाह्य. राह्यलं का काही? कोरडं ठणठणीत. एवढ्याशासाठी तू घरी बसून राह्यली वं."

"तुमचं पुसल्या जाते नाना. माझं नाही पुसल्या जात."

"जिद्दी हायेस."

"तुमच्याच हाताखाली शिकली."

मग तुम्ही मिठाई पुढे करायचात, मी खायची नाही, तुम्ही खायचात, आणि खाता खाता पुढच्या अपिलाचं बोलणं निघायचं. दर वर्षी हेच. मला वाटायचं की तुम्ही तुमचं कोरडं कपाळ मला पुरावा म्हणून दाखवता, आणि तो पुरावा मी दर वर्षी फेटाळत होते.

धंतोलीच्या दवाखान्यातही तुम्ही विषय सोडला नाहीत. नाकात नळी, हाताला सुई, बोलायची बंदी. नर्स बाहेर गेल्याबरोबर म्हणालात, "दिवाळी जवळ आली. यंदा तूच जाजो इतवारीत."

"जाईन. टिळा न लावता जाईन."

मला वाटलं, आता तरी म्हणाल की लाव बाई, माझ्यासाठी लाव. मी उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते 'नाही' हेच होतं. मरणाऱ्या माणसालाही मी नाहीच म्हणणार होते. पण तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पाहू." हसलात, खोकला आला, नर्स धावत आली आणि तिने मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. आज त्या एका शब्दाचा मी जेवढ्या अंगांनी विचार केलाय, तेवढ्या अंगांनी कधी कलमांचाही केला नसेल.

तेरवीला विलास आला. तुमचा पुतण्या आजवर फौजदारीत होता, या खोलीचा जिना तो क्वचितच चढला असेल. पंगती उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ड्राफ्टिंग तुमचं एक नंबर आहे. ते तुमीच करा. क्लायंट मी सांभाळून घेतो. इतवारीवाल्यायले आपल्यातला माणूस लागते, तुमाले तर माहीतच हाय."

"आपल्यातला म्हणजे कोण्यातला?" मी विचारलं.

तो म्हणाला, राग नका मानू ताई. मी म्हटलं, राग तर मी मानणारच. काकू आत रडत होत्या म्हणून आवाज चढवला नाही. पण चेंबरची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ती मी काढली नाही.

तर काल. काल मी एकटी इतवारीत गेले. बोलावणं नव्हतं. पांढरी साडी नेसले, काळा कोट घातला. दिवाळीला काळं कशाला, असं आई म्हणाली. मी म्हटलं, मी फराळाला जात नाहीये. जिवात धाकधूक होती, ती तुम्हाला सांगायला हरकत नाही. गोवर्धनदास सेठनी परत पाठवलं असतं तर बाजारातल्या बाकीच्या पेढ्यांनीही तेच केलं असतं. सगळी कपाटं विलासकडे गेली असती, आणि मी घरोघर जाऊन ड्राफ्टिंग करणारी बाई झाले असते.

जिना चढले. पेढी माणसांनी भरलेली. सेठ म्हातारे झालेत, थाळी आता त्यांचा मुलगा धरतो. खांबाजवळची तुमची जागा रिकामी होती, लोड नीट लावून ठेवलेला. मी कोणाला विचारलं नाही. सरळ गेले आणि तिथे बसले.

पूजा झाली. थाळी फिरत फिरत आली. मुलाचा अंगठा कुंकवात. मी तळहात उचलला, तेच वाक्य पुन्हा ओठांवर आणलं. पण म्हणावं लागलं नाही. सेठ पलीकडून मुलाला म्हणाले,

"आगे चल बेटा. उस जगह टीका नहीं लगता."

मुलगा पुढे गेला. मला समजलं नाही. भेटीला आलेले लोक पांगल्यावर मी सेठना विचारलं, नहीं लगता म्हणजे काय? आपको नहीं मालूम, ते म्हणाले. मग सांगितलं.

त्यांनी एकट्याने यायचा निरोप पाठवला, त्याच्या पुढच्या दिवाळीला तुम्ही एकटे गेलात. थाळी आली तेव्हा तुम्ही माझ्यासारखाच तळहात आडवा धरलात. सेठ म्हणाले, वकीलसाब, आप तो हिंदू हो! तुम्ही म्हणालात, जब तक मेरी ज्युनियर यहाँ बिना टीके के नहीं बैठेगी, तब तक मैं भी बिना टीके के बैठूँगा. वह्या ठेवायच्या तर ठेवा, न्यायच्या तर न्या. सेठ त्या वर्षी रागावले. त्याच्या पुढच्या वर्षीही रागावले. मग सवय झाली. "अब तो बच्चे भी जानते हैं," सेठ म्हणाले, "वकीलसाब ने किसी पेढ़ी पर टीका नहीं लगवाया, खंबे के पास थाली नहीं रुकती. मैं तो पिछले साल बोला भी था, ले आओ बाईसाब को. तो बोले, पहले वो मुझसे झगड़ना बंद करे."

नाना! लबाड माणूस! वर्षानुवर्षं दारात उभे राहून कोरडंच कपाळ पुसत होतात! माझ्यासमोर रुमाल काढून, मान वाकवून, "राह्यलं का काही" म्हणून विचारत होतात, आणि राहायला मुळात काही लागलेलंच नव्हतं! इथे माझ्याशी टिळ्याच्या बाजूने भांडायचात आणि तिथे माझ्या बाजूने उभे राहायचात. दोन्हीकडून वकिली एकाच वकिलाला करता येत नाही, हे बारच्या कोणत्याही पोराला माहीत आहे.

का सांगितलं नाहीत? सांगितलं असतंत तर मी भांडण सोडलं असतं असं वाटलं? की आभार मानेन याची भीती वाटली? तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घ्यावी असं फार वाटतं, पण तुम्ही नेमके तेव्हाच गैरहजर.

आभार मानते. मनापासून मानते, आणि काल जिना उतरताना मी रडले तेही कबूल करते. पण भांडण मागे घेत नाही. माझ्या गैरहजेरीत माझी बाजू मांडली गेली, हे मला अजूनही मान्य नाही. मला घेऊन जायला हवं होतं. मी तुमच्या शेजारी बसले असते, दोन तळहात एकदम वर गेले असते, जो काय व्हायचा तो तमाशा दोघांनी मिळून बघितला असता. आधी जागा मोकळी करायची आणि मग पोरीला बसवायचं, हे तुमचं धोरण असेल. मला जागा मोकळी करून नको होती. ती मी भरलेल्या पेढीतही करून घेतली असती, कालच्यासारखी.

सेठ म्हणाले, नवा वकालतनामा उद्या पाठवा, सही करतो. त्यावर नाव माझं एकटीचं असेल. बाकीच्यांकडे मी आजपासून जाणार आहे. काही जण विलासकडे जातील, त्यांना जाऊ दे. त्याच्या हाती वही लागली की तो मलाच विचारायला येईल, आणि मी फुकट सांगणार नाही. आणि इंदोऱ्यातल्या माझ्या मावसभावाने सायकलचं दुकान टाकलंय, त्याची वही मी याच कपाटात, सेठच्या फाइलींच्या रांगेतच ठेवणार आहे. तुम्ही विचारलं असतंत, तो काय देते? मी सांगितलं असतं, आज काही नाही, पण त्याला कोर्टात यायचं नाहीये.

काल सेठच्या जिन्याच्या तळाशी विलास भेटला. वर जायला निघाला होता. दोन-तीन पेढ्या आधीच करून आला असावा, कपाळावर लांबलचक टिळा, त्याला चिकटलेल्या अक्षता. मला बघून थबकला, मग माझ्या कपाळाकडे बघून हसला.

"आला वाटते ताई लावून, अन् पुसूनही टाकला? काकाही तसंच करे. पेढीवरून उतरले का रुमाल."

जिन्यावर सेठच्या घरचा मोठा बल्ब लावलेला होता. मी पदराने डोळे पुसले, त्याच्या समोर गेले आणि कपाळ उजेडात धरलं.

"नीट पाह्य गा विलास," मी म्हटलं. "पुसलं नाही. लागलंच नाही. तुझ्या काकाच्याही कधी नाही."